क्रुसाखालचे बोल्ट

आमच्या गावात चोर कोणी नाही. वस्तू मात्र जागच्या जागी राहत नाहीत, विशेषतः पाण्याच्या बाजूला ठेवलेल्या. याला कारण आमचा एक जुना रिवाज. भरतीच्या रेषेखाली जे सापडेल ते समुद्रानं दिलेलं, आणि समुद्रानं दिलेलं ज्याच्या हाताला लागेल त्याचं. माझ्या सासऱ्यांच्या घराचं आढं अशाच एका वाहून आलेल्या ओंडक्याचं आहे. तो ओंडका कुठल्या जहाजाचा, असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

पलटणीला हा रिवाज ठाऊक नव्हता. लढाईच्या दिवसांत उत्तनच्या डोंगरावर सोल्जरांचा तळ पडला होता. रस्ता करायला त्यांनी एक अमेरिकन बुलडोझर आणला. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात कोणा शहाण्यानं तो खाडीच्या काठाला उतरवला आणि चिखलात रुतवला. त्यांनी दोन दिवस शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी नाद सोडला. भरती आली की पाणी यंत्राच्या पट्ट्यांना लागायचं. म्हणजे यंत्र रेषेखाली होतं. पुढचं काय ते आमच्या गावाला कोणी शिकवायला नको.

आधी बोल्ट गेले. बुलडोझरला चाकं नसतात, दोन्ही अंगांना लोखंडी साखळ्या असतात, आणि साखळीवर फूट-दीड फुटाच्या पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. समुद्राकडच्या अंगाचे बोल्ट इनासनं पहिल्यांदा काढले. इनास आमचा शेजारी. त्याच्या हातात पाना आला की त्याला कुठलीही गोष्ट घट्ट बघवत नाही. त्यानं ते जाळ्याच्या खालच्या दोराला वजन म्हणून बांधले. ते बघून जानू कोळ्यानं होडीच्या सुकाणूला लावले. मग कोणी विहिरीच्या रहाटाला, कोणी खाटेला, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला. दुसऱ्या अंगाची साखळी चिखलात पार बुडाली होती म्हणून तेवढी वाचली.

महिन्याभरानं गोरा सार्जंट आला. त्यानं गावाला किनाऱ्यावरच्या क्रुसापाशी उभं केलं आणि एकेकाला क्रुसावर हात ठेवून सांगायला लावलं की आम्ही पलटणीचं लोखंड चोरलं नाही. जानूच्या हिंदू भावकीला त्यानं नारळावर हात ठेवायला लावला. सगळ्यांनी शपथ घेतली आणि कोणाचाही आवाज कापला नाही, कारण समुद्रानं दिलेलं घेणं म्हणजे चोरी असं कोणाला वाटतच नव्हतं. बायकांच्या रांगेत पाचवी मी होते. मी पण शपथ घेतली.

माझ्याकडे बोल्ट नव्हता. माझ्याकडे पिन होती. साखळीची दोन टोकं जोडणारी, मनगटाएवढी जाड आणि वीतभर लांब. कोणीतरी ती ठोकून बाहेर काढली आणि जड म्हणून तिथंच टाकली. मी ती ओच्यात घालून घरी आणली आणि आतून दाराच्या कोयंड्यात घातली. आधी तिथं लाकडाची खुंटी होती. माझा नवरा मिंगेल तेव्हा आसामात पलटणीचे रस्ते बांधत होता, डोंगरावर चारशे सोल्जर होते, आणि घरात मी आणि माझी बहिरी सासू. कारण एवढंच.

त्याच साली भाद्रपदाच्या उधाणानं खाडीचा बांध फुटला. शंभर हातांचं भगदाड पडलं. आतल्या साठ एकरांत भात व्हायचं, तिथं मासे फिरायला लागले. त्यात माझं शेत होतं. बापानं लग्नात दिलेलं, लहानसंच, पण माझ्या नावानं ओळखलं जायचं. ‘रेजीनची कोंडी’ म्हणत त्याला. दोन वर्षं मी बांधावर उभी राहून त्यात भरती येताना बघितली. गावानं दोनदा मातीची घमेली टाकून भगदाड भरलं, दोनदा ते वाहून गेलं. शेतात तिसऱ्या वर्षी खारं पाणी राहिलं तर पुढं दहा वर्षं तिथं भात उगवणार नाही, असं म्हातारे सांगत होते. पंचेचाळीसच्या शेवटी विहिरीचं पाणीही मचूळ लागायला लागलं.

सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मिंगेल परत आला. तीन वर्षांत तीन पत्रं पाठवणारा माणूस, त्यामुळं येतोय हे कळवायची तसदी त्यानं घेतली नव्हती. आला, आईच्या पाया पडला, जेवला, आणि संध्याकाळी काठावर फिरायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला बघून झाला नव्हता, हे मला इथं नोंदवायचं आहे.

“तो बुलडोझर हाय ना, तो मना चालवता येतं,” तो म्हणाला. “आसामात मी तोच चालवत होतो.”

आता तळ उठला होता. यंत्र भायंदरच्या एका भंगारवाल्यानं लिलावात घेतलं होतं, कापून नेण्यासाठी. मिंगेल त्याच्याकडे गेला. भंगारवाला माणूस हसरा होता. चिखलातून यंत्र काढायचा त्रास त्यालाही नको होता. तो म्हणाला, “देखो भाई, पंद्रह मई तक वो अपने पाँव पे बाहर आया, तो पहले तुम्हारा बांध बना लो, बाद में मशीन मेरी. नहीं आया तो मैं सोलह तारीख को कटर लेके आता हूँ.” मिंगेलनं लगेच हात मिळवला. गाव त्याला त्या दिवसापासून ‘कर्नल’ म्हणायला लागलं.

इंजिन पहिल्या महिन्यातच सुरू झालं. मिंगेलनं ते सगळं सुटं करून माझ्या पापडांच्या चटयांवर मांडलं, रॉकेलनं धुतलं आणि परत जोडलं. ज्या दिवशी ते धडधडलं त्या दिवशी गावातल्या कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत. पण यंत्र जागचं हलेना, कारण समुद्राकडची साखळी उघडी पडली होती, आणि चिखलातल्या साखळीचे बोल्ट गंजून असे झाले होते की पाना लावला की डोकं हातात यायचं, म्हणजे तिकडचे काढून इकडे लावायचीही सोय नव्हती.

एका पट्टीला चार बोल्ट असतात. मिंगेलनं हिशोब केला की दोन-दोनवर भागवलं तरी समुद्राकडच्या अंगाला बहात्तर लागतील. एक तुटका बोल्ट रुमालात गुंडाळून तो मुंबईला गेला. नागदेवीच्या बाजारात त्यानं तीन दिवस दुकानं पालथी घातली. बोल्ट हवा तेवढा होता, जाडी पण तीच, अर्धा इंच. घरी आणून नटात घातला की दोन वेढे छान जायचा आणि तिसऱ्याला अडून बसायचा.

“अमेरिकनला इंचात तेरा आटे हाईत,” मिंगेल नखानं मोजून दाखवायचा. “आपल्या बाजारात सगळा विलायती माल. त्याला बारा.”

“एका आट्यासाठी एवढं?” इनास म्हणाला. “दोघांनी एकच लढाई जिंकली, आनि बोल्ट वेगळे?” हे बोलताना तो आमच्या ओट्यावर बसून जाळं विणत होता. त्या जाळ्याच्या खालच्या दोराला बावीस अमेरिकन बोल्ट होते.

मिंगेलनं ते बघितलं. माझा नवरा हुशार नाही, पण आंधळाही नाही. त्यानं एक बोल्ट हातात घेतला. काळाभोर, तुळतुळीत, गंजाचा ठिपका नाही. आमचे लोक होडीला मुशी माशाच्या यकृताचं तेल चोपडतात, आणि सवयीनं लोखंड दिसेल त्यालाही चोपडतात. वास असा असतो की पाहुणा दोनदा येत नाही, पण त्याखाली गंज चढत नाही. म्हणजे यंत्रावर प्रामाणिकपणे राहिलेले बोल्ट मातीत गेले होते आणि पळवलेले तेवढे जिवंत होते.

“इनासदादूस, हे कुठले?” मिंगेलनं विचारलं.

“समुद्रानं दिले,” इनास म्हणाला आणि जाळं गुंडाळून घरी गेला.

मग मिंगेल घरोघर फिरला. मी त्याला सांगितलं होतं, जाऊ नकोस, पण ऐकेल तर तो मिंगेल कसला. ज्या घरी गेला तिथं त्याला चहा मिळाला, सुके बोंबील मिळाले, बोल्ट मिळाला नाही. ज्या खाटेवर बसून तो बोल्टांची चौकशी करायचा ती खाट त्याच बोल्टांवर उभी असायची. देण्याची कोणाची ना नव्हती, बांध सगळ्यांनाच हवा होता. पण देणं म्हणजे क्रुसावर हात ठेवून खोटं बोललो हे शेजाऱ्यासमोर कबूल करणं. रिवाज एकीकडे आणि शपथ एकीकडे, मधे माणसाची जीभ अडकली होती.

आणि मिंगेल रोज संध्याकाळी जेवताना म्हणायचा, “बोल्टांचं काय तरी होईल, पर ती पिन. पिनेबगार साखळी जुळायची न्हाय. ती पिन कुणी नेली असंल?”

पिन त्याच्यापासून चार हातांवर तांदळाच्या रिकाम्या कणगीत होती. तो आला त्याच दिवशी मी ती कोयंड्यातून काढून तिथं ठेवली होती आणि दाराला जुनी लाकडी खुंटी लावली होती. द्यायला हवी हे मला कळत होतं, शेत तर माझंच होतं. पण दिली तर ती कुठं होती हे सांगावं लागलं असतं, आणि मग का होती हे. गावात रेजीन म्हणजे कोणाला न घाबरणारी बाई. मिंगेललाही तसंच वाटायचं, आणि त्याला तसं वाटतं याचा मला अभिमान होता. शिवाय, खरं सांगायचं तर, माझा राग होता. तीन वर्षं ज्यानं विचारलं नाही तो आता रोज विचारत होता, आणि विचारत होता लोखंडाबद्दल.

तरी बाकीच्यांचं काय करायचं ते मला सुचलं. उपासाचे दिवस चालू होते. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी आमच्यात प्रत्येकाला कुमसार करावा लागतो, म्हणजे पाद्रीबाबांच्या कानात आपली पापं सांगावी लागतात. पाद्रीबाबांनी ती कोणाला सांगायची नाहीत असा देवाचा नियम आहे. मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या विहिरीचं पाणी कसं आहे ते विचारलं.

“तीन महिने खारट चहा पितोय,” ते म्हणाले. ते वसईकडचे, चहावर जीव.

“बांध झाला तर पाणी गोड होईल, बाबा. पण लोकांना कुमसाराला चव्वेचाळीस सालची शपथ आठवायला हवी.”

पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं की समुद्र बोल्ट पाना लावून सोडवतो का? देवळात मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली.

त्या आठवड्यात कुमसाराची रांग दारापर्यंत गेली. आत काय बोललं गेलं ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यांना एकच प्रायश्चित्त मिळालं हे सगळ्यांना कळलं: तीन वेळा प्रार्थना, आणि घेतलेली वस्तू कोणी बघणार नाही अशा बेतानं क्रुसाखाली ठेवायची. आता कोणी बघणार नाही अशी वेळ गावात एकच, पहाटेची, होड्या निघायच्या आधी. त्यामुळं गुड फ्रायडेच्या पहाटे क्रुसापाशी गावातली तीसेक माणसं एकमेकांना भेटली. प्रत्येकाच्या पदराखाली किंवा टोपलीत काहीतरी जड होतं. प्रत्येकजण म्हणत होता की तो प्रार्थनेला आलाय. शेवटी जानू कोळी टोपली डोक्यावर घेऊन, दडवायची काही तसदी न घेता, सरळ आला आणि क्रुसाखाली ओतून मोकळा झाला.

“तुमच्यात कुठं कुमसार हाय?” इनासनं विचारलं.

“न्हाय,” जानू म्हणाला. “पर नारळावर मी पण हात ठेवलाय. आनि बांध तुमच्या एकट्याचा हाय का?”

मग बाकीच्यांनीही ओतले. सकाळी मिंगेल तिथं पोचला तेव्हा एकशे सदतीस बोल्ट होते, एक दारू नसलेली बाटली, आणि पाद्रीबाबांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री. मुशीच्या तेलाच्या वासानं डोकं फिरत होतं. मिंगेल गुडघ्यावर बसून एकेका बोल्टावर नट फिरवून बघत होता. नट टोकापर्यंत जात होता. मी त्याला इतका सुखी लग्नातही बघितला नव्हता.

मी स्वतः कुमसाराला गेले होते. सगळं सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, “तुझी वस्तू क्रुसाखाली ठेवू नकोस. ती नवऱ्याच्या हातात दे.”

“क्रुसाखाली का नको? सगळ्यांना तेच सांगितलंत.”

“सगळ्यांनी वस्तू लपवली होती. तू भीती लपवलीस.”

मी चिडले. घरी आले आणि नाही दिली. पाद्रीबाबांना लग्नाचं काय कळतं, असं मनाशी म्हणत मी आणखी तीन आठवडे काढले.

तेवढ्यात मिंगेलनं भायंदरच्या लोहाराकडून एक पिन घडवून आणली. आठ मेला सगळं गाव जमलं, यंत्र धडधडलं, हातभर पुढं सरकलं आणि पिन केळीच्या सालीसारखी वाकली. साखळी चिखलात पसरली. दुसरी पिन घडवली, ती बारा तारखेला तुटली. त्या दिवशी कोणी कर्नल म्हणालं नाही, आणि मला ते न म्हणणंच जास्त लागलं.

तेराच्या सकाळी मिंगेल ओट्यावर बसला होता. चहा समोर तसाच. हात तेलानं काळे, बोटं सोललेली. मी बाहेर आले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, “रेजीन, तुझं शेत गेलं. मी उगाच मोठा मोठा बोललो. मना माफ कर.”

मला वाटलं होतं की तो यंत्रासाठी झुरतोय. तो माझ्या कोंडीसाठी झुरत होता आणि मला ते तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी आत गेले, कणगीतून पिन काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं ती लगेच ओळखली. दोन्ही टोकं बघितली, अंगठा फिरवला. मग मान वर केली. “कुठं होती?”

“दाराला. आतल्या कोयंड्यात.”

“दाराला खुंटी हाय की.”

“लाकडाची हाय. डोंगरावर चारशे सोल्जर होते, आनि तू आसामात.”

समोर अंगणात सासू बोंबील उलटे करत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. समोरचा चहा बाजूला सारून मिंगेलनं विचारलं, “कोन आलता?”

“एकदा. दोघं होते, प्यालेले. दार ढकललं, लाथा मारल्या. पिन हलली न्हाय. मग गेले.”

“आनि तू?”

“मी दाराला पाठ लावून बसले. उजाडेपर्यंत.”

“मना लिवलं न्हाय तू.”

“तुझी तीन पत्रं आली, मिंगेल. तिन्हीत तुना ताप हाय एवढंच होतं. त्यावर मी काय लिवू?”

माझा नवरा रडला. आवाज न करता, पिन दोन्ही हातांत धरून. मी पण रडले, पण मी आवाज केला, कारण मला दोन वर्षांचं रडायचं होतं. सासूला ऐकू आलं नाही तरी दिसलं, आणि कोणी मेलं असं समजून ती गुडघ्यावर बसून प्रार्थना म्हणायला लागली. तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

पिन साखळीत अशी बसली की जणू कधी निघालीच नव्हती. चौदा तारखेला दुपारच्या ओहोटीत यंत्र चिखलातून वर आलं. भंगारवाला कटर न आणता नुसताच बघायला आला होता, त्यानं सगळ्यांना चणे वाटले. आठ दिवसांत भगदाड भरलं. जेवढी माती गावानं दोन वर्षांत टाकली नव्हती तेवढी मिंगेलनं पहिल्या दिवशी ढकलली. आषाढाचं उधाण बांधाला आपटून परत गेलं. कोंडीत त्या साली पावसाचं पाणी साचलं आणि मी ते ओंजळीत घेऊन चाखलं. गोड होतं. दुसऱ्या वर्षी मी त्यात खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात पेरलं, अर्धं आलं. अर्धं आलं हेसुद्धा मी गावभर सांगत फिरले.

यंत्राचं पुढं असं झालं की बांध पुरा होतानाच इंजिनानं जीव सोडला. भंगारवाला म्हणाला, पाऊस संपला की बघू. मिंगेलनं ते गावातले सगळे बैल लावून भरतीच्या रेषेच्या चांगलं चार हात वर ओढून ठेवलं, आणि गावानं रिवाज पाळला. रेषेच्या वर असलेल्या वस्तूला कोणी हात लावला नाही. इनास रोज तिथून जाताना पाना असलेला हात पाठीमागं धरायचा.

दिवाळीनंतर कटर आला. आदल्या दिवशी सकाळी मिंगेल काठावर गेला आणि तासाभरानं परत आला. त्याच्या हातात पिन होती. पुसलेली, मुशीचं तेल लावलेली. माझ्याकडे न बघता त्यानं दाराच्या कोयंड्यातली लाकडी खुंटी काढली, पिन बसवली आणि दोनदा ओढून बघितली.

“रेषेच्या वरून आनलीस,” मी म्हणाले. “ही चोरी हाय.”

“हाय,” तो म्हणाला. “मी खाडीवर जातो तवा तू एकटी असतंस.”

“आता सोल्जर गेले.”

“गेले,” तो म्हणाला. “तरी असू दे. कुमसाराला सांगीन मी.”

त्यानं सांगितलंही, पुढच्या पास्काला. रांगेत मी त्याच्या मागंच होते. पाद्रीबाबांनी त्याला काय प्रायश्चित्त दिलं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही. परत ठेवायला मात्र सांगितलं नसावं, कारण पिन अजून दाराला आहे.